हजार डॉलर शॉर्ट

कॉफीच्या गाडीवाल्याने माझी नोट घेतली नाही. बोटाने काचेवरचा कागद दाखवला: पन्नास आणि शंभरच्या नोटा चालणार नाहीत. आमच्या ह्यांनी खिशातली चिल्लर चाचपून दोन कॉफीचे पैसे भागवले आणि मी पन्नास डॉलरची नोट परत पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. ठेवण्याआधी सवयीने उजेडात धरली. सुरक्षा दोरा आहे, वॉटरमार्क आहे, दाढीवाला माणूस जागच्या जागी आहे. चौतीस वर्षं सांगलीकडच्या एका सहकारी बँकेत कॅश काउंटरवर काढली की नोट नुसती घेता येत नाही, ती तपासूनच हातातून सुटते.

तो दाढीवाला म्हणजे युलिसिस ग्रँट. त्यालाच भेटायला आम्ही निघालो होतो. मुलाकडे जर्सी सिटीला सहा महिने राहायचं, त्यातले चार थंडीचे. घरात बसून किती पोळ्या लाटणार? नातवाच्या शाळेच्या वाटेवर वाचनालय आहे. नोटेवरचा हा माणूस कोण, एवढंच विचारायला गेले आणि त्याच्या आठवणींचे दोन जाड खंड घेऊन घरी आले. इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो. पण या माणसाचं इंग्रजी चांगल्या व्हाउचरसारखं आहे. कुणी, कुणाला, किती, कधी. अलंकार शून्य.

खरं सांगायचं तर लढायांसाठी मी ते वाचत नव्हते. एका वेगळ्या चरित्रात मला एक ओळ सापडली होती आणि तिने मला धरून ठेवलं. १८४८ च्या जूनमध्ये, मेक्सिकोचं युद्ध संपता संपता, लेफ्टनंट ग्रँटच्या ताब्यातले पलटणीचे हजार डॉलर चोरीला गेले. तो पलटणीचा क्वार्टरमास्टर होता, म्हणजे रसद, तंबू, खेचरं आणि सरकारी रोकड यांचा हिशोबनीस. स्वतःच्या पेटीचं कुलूप मोडलं म्हणून त्याने पैसे दुसऱ्या एका कॅप्टनच्या ट्रंकेत ठेवले आणि रात्रीत ट्रंकच गेली. चौकशी झाली, ग्रँटचा दोष नाही असं ठरलं. पण खात्यावर नाव कुणाचं? ग्रँटचं. रक्कम त्याच्या डोक्यावर तशीच राहिली.

हे वाचलं आणि पुस्तक मिटून मी थोडा वेळ खिडकीशी बसले.

१९८९ साली मार्च एंडच्या आठवड्यात माझी कॅश पाच हजारांनी शॉर्ट आली होती. रात्री साडेनऊपर्यंत आम्ही मोजत होतो. प्रत्येक पॅकेटची पिन काढून, प्रत्येक व्हाउचर परत टोटल करून. कुणाला तरी शंभराच्या पन्नास नोटा जास्त गेल्या असणार. पॅकेटाऐवजी दीड पॅकेट. परत द्यायला कुणी आलं नाही. साहेब म्हणाले, बाई, तुमच्यावर कुणाचा संशय नाही, पण भरायला तर लागणारच. पगारातून महिना अडीचशे, वीस हप्ते. तेवढ्यात घरखर्चाला कमी पडू लागलं म्हणून मी एक पाटली गहाण टाकली आणि घरी सांगितलं, दुरुस्तीला दिलीय, फट पडली होती. घरात सासूबाई होत्या. बँकेत पैसे कमी आले म्हटलं की लोकांच्या डोळ्यांत काय येतं ते मला माहीत होतं.

तर असा हा माझा आणि जनरल ग्रँटचा ऋणानुबंध. ग्रँट त्या हजार डॉलरसाठी १८५२ मध्ये खास वॉशिंग्टनला गेला, की बाबांनो, संसदेकडून एवढं माफ करून घेऊ. नेमका तेव्हाच हेन्री क्ले हा मोठा पुढारी वारला होता आणि त्याच्या अंत्ययात्रेमुळे सगळी कचेऱ्यांची दारं बंद. गेला तसा परत आला. ते प्रकरण निकालात निघालं १८६२ साली. चौदा वर्षं! आणि तोवर हा माणूस देशभर गाजलेला मेजर जनरल झाला होता.

आता मुळापासून सांगते. जन्म २७ एप्रिल १८२२, ओहायोतलं पॉइंट प्लेझंट. वडील जेसी, कातडी कमावायचा धंदा. पोराला त्या रक्ताची आणि वासाची इतकी शिसारी की जन्मभर मांस खायचं तर करपेपर्यंत भाजलेलं. घोडे मात्र जीव की प्राण. आठ वर्षांचा असताना शेजारच्या माणसाचं एक शिंगरू त्याला हवं होतं. वडील म्हणाले, आधी वीस डॉलर सांग, नाही म्हणाला तर साडेबावीस, तरी नाहीच म्हणाला तर पंचवीस दे. पोरगं तिथे गेलं आणि हे सगळं जसंच्या तसं त्या मालकाला सांगून टाकलं! शिंगरू कितीला पडलं हे सांगायला कॅशिअर लागत नाही. गावातली पोरं त्याला कित्येक वर्षं त्यावरून चिडवायची. ही गोष्ट त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. त्यातला भाबडेपणा पुढे त्याला किती महागात पडला ते शेवटी येईलच.

नावाचाही घोळ. घरचं नाव हायरम युलिसिस. १८३९ मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेत शिफारस करणाऱ्या खासदाराने अर्जावर लिहिलं युलिसिस एस. ग्रँट. शाळा म्हणाली, कागदावर आहे तेच नाव. झालं. तो ‘एस’ कशाचाच नाही. आमच्याकडे आधारवर एक आणि पॅनवर दुसरं नाव असलेले लोक काउंटरवर भांडायला येत, त्यांना सांगायला मला हे तेव्हा माहीत असायला हवं होतं. १८४३ मध्ये एकोणचाळीस जणांत एकविसावा येऊन तो बाहेर पडला. घोडेस्वारीत शाळेत त्याच्या तोडीचा कुणी नव्हता, आणि लष्कराने त्याला घातलं कुठे, तर पायदळात.

मेक्सिकोच्या युद्धाबद्दल त्याचं मत मला आवडलं. बलाढ्य देशाने दुबळ्या शेजाऱ्यावर लादलेलं अन्यायाचं युद्ध, असं तो सरळ म्हणतो. पण लढला. माँटेरेच्या गल्ल्यांतून दारूगोळा मागायला जाताना घोड्याच्या एका अंगाला लटकून, घोड्याची ढाल करून भरधाव गेला. मेक्सिको शहराच्या वेशीवर एका चर्चच्या घंटाघरात छोटी तोफ सुटी करून चढवली आणि वरून मारा केला. हे सगळं शौर्याचं झालं. माझ्या मते तो खरा शिकला ते खेचरांच्या मागे. शेकडो मैल परक्या मुलुखात सैन्य नेताना पीठ किती लागतं, गाडी कुठे अडते, ओझं बांधलेलं जनावर कधी बसतं. पुढे त्याच्यासमोर उभ्या राहिलेल्या सेनापतींना झेंडे आणि डावपेच पाठ होते. याला ओझी पाठ होती.

युद्धानंतर ज्यूलिया डेंटशी लग्न, २२ ऑगस्ट १८४८, आणि मग दहा-बारा वर्षं नुसती साडेसाती. १८५२ मध्ये पलटण पनामातून पश्चिम किनाऱ्याला निघाली. वाटेत कॉलरा लागला आणि माणसं, बायका, पोरं पटापट गेली. बायको बाळंतपणामुळे मागे राहिली होती म्हणून वाचली. तिला तिकडे आणायला पैसे हवेत म्हणून याने काय काय केलं! नदीकाठी बटाटे लावले, कोलंबिया नदीला पूर आला. शंभर टन बर्फ जहाजाने सॅन फ्रान्सिस्कोला पाठवला. वारा पडला, जहाज रखडलं, तोवर दुसऱ्यांचा बर्फ बाजारात येऊन भाव कोसळला. एकटेपणात दारू. १८५४ मध्ये राजीनामा. न्यूयॉर्कला उतरला तेव्हा खिशात दमडी नाही. वेस्ट पॉइंटच्या जुन्या मित्राने, सायमन बकनरने, हॉटेलच्या बिलाला हमी दिली. हे नाव लक्षात ठेवा.

मग सेंट लुईसजवळ सासऱ्याच्या जमिनीवर शेती. स्वतः लाकडं तोडून घर बांधलं आणि त्याला नाव दिलं ‘हार्डस्क्रॅबल’, म्हणजे आपल्या भाषेत ‘ओढाताण’ म्हणा. शहरात जाऊन रस्त्यावर सरपण विकायचा. २३ डिसेंबर १८५७ ला, नाताळच्या तोंडावर, त्याने सोन्याचं घड्याळ बावीस डॉलरला गहाण टाकलं. त्या व्यवहाराची पावती आजही उपलब्ध आहे. माझ्याही पाटलीची पावती मी जपून ठेवलेली, पुस्तकांच्या कपाटात, जिथे कुणी हात घालत नाही.

याच काळातली एक नोंद. सासरा गुलाम बाळगणारा. ग्रँटकडेही त्याच्याकडून आलेला एक माणूस होता, विल्यम जोन्स. २९ मार्च १८५९ रोजी ग्रँटने कोर्टात कागद करून त्याला मुक्त केलं. बाजारात त्या माणसाची किंमत हजार डॉलरच्या घरात आली असती आणि ग्रँटला त्या वर्षी शंभर डॉलरचीही मारामार होती. तो गुलामगिरीविरुद्ध भाषणं करणारा नव्हता, बायकोच्या माहेरची गुलामांची सेवाही त्याने निमूट घेतली होती. पण गळ्याशी आलेलं असताना त्याने हा एक आकडा जमेच्या बाजूला ओढला नाही.

१८६० मध्ये सगळं बुडाल्यावर वडिलांच्या दुकानात, इलिनॉयमधल्या गॅलिनाला. कातड्याचंच दुकान! ज्याचा लहानपणापासून तिटकारा, त्याच दारात अडतिसाव्या वर्षी, धाकट्या भावांच्या हाताखाली. सुरुवातीचा पगार वर्षाला सहाशे डॉलर. महिन्याचे किती ते नोटेवर बघा.

एप्रिल १८६१ मध्ये उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांत यादवी पेटली, ग्रँट उत्तरेकडून. आठ वर्षांनी हा दुकानातला कारकून देशाचा अध्यक्ष होता.

सगळ्या लढाया सांगत बसत नाही, नातवाने मला सांगायला लावल्या तेवढ्या पुरेत. पण पहिल्याच मोहिमेचा एक किस्सा असा आहे की तो प्रत्येक नव्या कॅशिअरला पहिल्या दिवशी ऐकवावा. कर्नल म्हणून मिझुरीत एका हॅरिस नावाच्या शत्रूच्या छावणीवर चालून जाताना ग्रँटचं काळीज, तो लिहितो, वर वर येत घशाशी आलं. परत फिरायचंही धैर्य नाही म्हणून तो पुढे जात राहिला. टेकडी चढून बघतो तर छावणी रिकामी. हॅरिस कधीच पळाला होता. तेव्हा त्याला कळलं की आपण त्याला भीत होतो तितकाच तो आपल्याला भीत होता. ही बाजू त्याने आधी कधी विचारातच घेतली नव्हती, आणि नंतर कधी विसरला नाही.

फेब्रुवारी १८६२, फोर्ट डोनेल्सन. वेढ्यात अडकलेल्या किल्ल्यातून अटी विचारणारा कागद आला. ग्रँटचं उत्तर: बिनशर्त आणि तत्काळ शरणागती, दुसरी कुठलीही अट नाही. बारा हजारांवर माणसं हाती लागली. आणि किल्ल्यातून शरण आलेला सेनापती कोण? सायमन बकनर! हॉटेलच्या बिलाला हमी देणारा. भेट झाल्यावर ग्रँटने त्याला बाजूला घेऊन आपली पैशाची पिशवी पुढे केली. अटींत सूट दिली नाही, पण देणं विसरला नव्हता. या विजयानंतर वर्तमानपत्रांत आलं की लढाईत त्याच्या हातात सिगार होता, आणि लोकांनी पेट्यांवर पेट्या सिगार पाठवले. हजारोंनी. फुकटचं कशाला टाका म्हणून हा ओढत गेला. ते कौतुकच त्याला शेवटी भोवलं.

एप्रिलमध्ये शायलोला तो बेसावध सापडला, हे त्याने कबूल केलं नाही तरी खरं आहे. दोन दिवसांत दोन्हीकडचे मिळून तेवीस हजारांवर मेलेले, जखमी आणि बेपत्ता. पहिल्या रात्री पाऊस. झाडाखाली उभ्या ग्रँटला त्याचा सहकारी सेनापती शर्मन म्हणाला, आजचा दिवस सैतानाचाच गेला. ग्रँट म्हणाला, हो, पण उद्या त्यांना झोडू. आणि झोडलं.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याने जे केलं ते मात्र मला गिळता येत नाही. कापसाच्या काळ्या बाजारावर चिडून त्याने हुकूम काढला की आपल्या अंमलातल्या प्रदेशातून सगळ्या ज्यू लोकांनी चालतं व्हावं. सगळ्यांनी! दोन-चार व्यापाऱ्यांच्या लबाडीसाठी आख्खी जात. लिंकनने काही आठवड्यांत तो हुकूम रद्द केला. ग्रँटला पुढे त्याची लाज वाटत राहिली, आणि आठवणींच्या दोन जाड खंडांत त्याने तो प्रसंग चक्क गाळला आहे. व्हाउचर फाडून टाकलं तरी बाकी जुळत नाही, हे हिशोबनिसाला मी काय सांगावं.

विक्सबर्ग मात्र वाचावं. मिसिसिपी नदीच्या वळणावर उंच कड्यावरचं ठाणं. ते हातात आलं की दक्षिणेचे दोन तुकडे. हिवाळाभर कालवे खणून, दलदलीतून वाटा शोधून सगळे उपाय फसले. शेवटी १६ एप्रिल १८६३ च्या रात्री नावा कड्याखालच्या तोफांसमोरून खाली नेल्या, ३० एप्रिलला सैन्य दक्षिणेला उतरवून नदी ओलांडली आणि मग त्याने ते केलं ज्याने शर्मनसुद्धा घाबरला: रसदेची नेहमीची वाट सोडून दिली. दारूगोळा आणि कॉफी, मीठ, कडक बिस्किटं एवढं बरोबर, बाकी वाटेतल्या शेतांवर. त्याच्या स्वतःच्या सामानात म्हणे दात घासायचा एक ब्रश होता. अठरा दिवसांत पाच लढाया, पाचही जिंकल्या, शत्रूच्या दोन फौजांच्या मधे शिरून त्यांना एकत्र येऊ दिलं नाही. मग सत्तेचाळीस दिवसांचा वेढा. गावातले लोक टेकड्यांत बिळं कोरून राहिले, तिथलं वर्तमानपत्र भिंतीला चिकटवायच्या कागदाच्या पाठीवर छापलं जाऊ लागलं. ४ जुलैला ठाणं पडलं. ज्याने आयुष्यभर खेचरं मोजली त्यालाच कळतं की कुठलं ओझं सोडून देता येतं.

इथे आपल्याकडचं एक सांगायला हवं. या यादवीत अमेरिकेचा कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानकडे तोंड वळवलं. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा इतका झाला की समुद्र हटवण्याच्या कंपन्यांचे शेअर दसपटीने विकले जाऊ लागले, बँका शेअर तारण धरून कर्जं वाटू लागल्या. एप्रिल १८६५ मध्ये ग्रँटपुढे दक्षिणेचा सेनापती ली शरण आला, ही बातमी मुंबईत पोचली आणि तो फुगा फुटला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे शेठ बसले, बँक ऑफ बॉम्बे त्या धक्क्यातून वाचली नाही. ग्रँटच्या विजयाने आमच्या धंद्यातले किती लोक देशोधडीला लागले असतील! त्या रात्री फोर्टात कुठल्या तरी कॅशिअरने दिव्याखाली किती वेळा टोटल मारली असेल.

मार्च १८६४ मध्ये सगळ्या फौजांचा मुख्य म्हणून तो वॉशिंग्टनला आला. विलर्ड हॉटेलच्या कारकुनाने धुळीने माखलेला माणूस आणि बरोबरचं पोरगं बघून माळ्यावरची छोटी खोली देऊ केली. ग्रँट म्हणाला, चालेल. वहीत सही केली: यू. एस. ग्रँट आणि मुलगा, गॅलिना, इलिनॉय. सही वाचून कारकुनाचा चेहरा काय झाला असेल! बेअरर कोण आहे हे सहीवरून कळण्याचा प्रसंग माझ्यावरही आला आहे, पण ते पुन्हा कधीतरी.

मग ती भयंकर उन्हाळ्याची मोहीम. विल्डरनेसच्या जंगलात दोन दिवस रक्त सांडून काही निकाल नाही. आधीचा प्रत्येक सेनापती अशा वेळी मागे वळला होता. याने चौफुलीवर घोडा दक्षिणेला वळवला आणि थकलेले शिपाई टोप्या उडवायला लागले. महिन्याभराने कोल्ड हार्बरला सकाळच्या हल्ल्यात त्याने हजारो माणसं फुकट घालवली. त्या हल्ल्याचा आपल्याला कायम पश्चात्ताप राहिला, असं त्याने लिहिलंय. वर्तमानपत्रं त्याला खाटीक म्हणत होती, आणि त्या दिवसापुरतं मीही म्हणेन. पीटर्सबर्गला नऊ-दहा महिने वेढा पडला तेव्हा मागे सिटी पॉइंटला त्याने बंदर, रेल्वे, इस्पितळं, आणि रोज लाखाच्या घरात पाव काढणारी भट्टी उभी केली. खंदकात पाव ताजा पोचायचा. समोर लीचे शिपाई भाजलेल्या मक्याच्या दाण्यांवर.

९ एप्रिल १८६५, ॲपोमॅटॉक्स. आदल्या रात्रीपासून ग्रँटचं अर्धं डोकं दुखत होतं. लीची चिठ्ठी हातात आली आणि त्या क्षणी दुखायचं थांबलं. मॅक्लीन नावाच्या माणसाच्या बैठकीत ली नव्या कोऱ्या पोशाखात, तलवार लावून. ग्रँट साध्या शिपायाच्या कोटात, बूट चिखलाने भरलेले. आधी मेक्सिकोच्या गप्पाच निघाल्या, लीलाच आठवण करून द्यावी लागली की आपण कशासाठी बसलोय. अटी ग्रँटने स्वतः तिथेच लिहून काढल्या: शस्त्रं ठेवा, घरी जा, पुन्हा लढू नका, कुणी तुम्हाला त्रास देणार नाही. आमचे शिपाई घोडे स्वतःचे आणतात, असं ली म्हणाला. ग्रँट म्हणाला, घेऊन जाऊ देत, पेरणीला लागतील. मग लीने हळूच सांगितलं, माणसं उपाशी आहेत. किती जणांचा शिधा हवा? पंचवीस हजार. दिला. आणि तोही लीच्याच अडवलेल्या गाड्यांतून! बाहेर ग्रँटच्या सैन्याने आनंदाने तोफा सुरू केल्या, त्या त्याने बंद करायला लावल्या. अटींची स्वच्छ प्रत कुणी काढली? एली पार्कर, सेनेका जमातीचा, ग्रँटच्या हाताखालचा अधिकारी. अक्षर चांगलं होतं म्हणून. चांगल्या अक्षराची किंमत आता कुणाला सांगून पटत नाही.

अध्यक्षपदाची आठ वर्षं, १८६९ ते १८७७, मी उरकून घेते. कू क्लक्स क्लॅन या काळ्या लोकांवर दहशत बसवणाऱ्या गोऱ्यांच्या टोळीवर त्याने खरोखर कायदा आणि फौज घातली, हे मोठं काम. पण भोवती जमलेले लोक! सोन्याचा सट्टा, दारूच्या करातली चोरी, एकामागून एक भानगडी. स्वतः पैसे खाल्ले नाहीत, खाणाऱ्यांना ओळखलं नाही. पंचवीस डॉलरचं शिंगरू.

पुढे जगप्रवासात तो आपल्या मुंबईला आला, फेब्रुवारी १८७९ मध्ये. मलबार पॉइंटला गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांचा पाहुणा. तिथून रेल्वेने जबलपूर, आग्रा आणि पुढे. मला हसू येतं ते तारखा बघून. त्याच महिन्यात पुण्याच्या लष्करी हिशोब खात्यातला एक कारकून, वासुदेव बळवंत फडके, खातेवही मिटून रामोशांची फौज घेऊन निघाला होता. धामारीवर पहिला छापा पडला तो फेब्रुवारीतच. मेजवानीत पाहुण्याला कुणी हे सांगितलं नसणार.

आता शेवटचा हिशोब. न्यूयॉर्कला स्थायिक झाल्यावर त्याच्या मुलाने फर्डिनंड वॉर्ड नावाच्या गोडबोल्या तरुणाबरोबर दलाली पेढी काढली, ‘ग्रँट अँड वॉर्ड’. जनरलने सगळी पुंजी त्यात घातली. वॉर्डने काय केलं, ते बँकेतल्या कुणालाही एका वाक्यात समजेल: एकच तारण चार ठिकाणी गहाण. नव्याच्या पैशाने जुन्याला नफा. जनरल समोर आलेल्या कागदावर न वाचता सही करायचा. रविवारी, ४ मे १८८४ ला, वॉर्ड म्हणाला, बँक अडचणीत आहे, दीड लाख डॉलर लगेच हवेत. बर्फावरून पडून कुबड्यांवर आलेला ग्रँट लंगडत विल्यम व्हँडरबिल्ट या धनाढ्य शेठकडे गेला आणि स्वतःच्या शब्दावर चेक घेऊन आला. मंगळवारी पेढी बुडाली. नवराबायकोकडे मिळून दोनशे-सव्वादोनशे डॉलर उरले. निवृत्तिवेतनही नाही, अध्यक्ष होताना लष्करातलं पद सोडलं होतं ना. व्हँडरबिल्ट नको म्हणत असतानाही त्याने आपल्या तलवारी, मानचिन्हं त्याच्या नावे करून टाकली. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही.

त्या दिवसांत एका अनोळखी ब्रश कारखानदाराने त्याला पाचशे डॉलरचा चेक पाठवला. सोबत लिहिलं की हे तुमच्या एप्रिल १८६५ ला संपलेल्या कामगिरीपोटी माझ्या वाट्याचं देणं. चौतीस वर्षांत ‘तपशील’ या रकान्यात मी इतकं चांगलं वाचलं नाही.

त्याच उन्हाळ्यात पीचचा घास गिळताना घशात कळ आली. कॅन्सर. फुकटच्या सिगारांची वसुली. ज्यूलियासाठी काहीतरी मागे ठेवायचं म्हणून आठवणी लिहायला बसला. मार्क ट्वेनने छापायला घेतल्या, नफ्यातला सत्तर टक्के वाटा लेखकाला. न गिळता येत, न निजता येत, शेवटी आवाजही गेला, तेव्हा चिठ्ठ्या लिहून बोलायचा. डॉक्टरला एका चिठ्ठीत लिहिलं की मी सर्वनाम नसून क्रियापद असावा: असणं, करणं आणि सोसणं, तिन्ही माझ्यात आहे. माउंट मॅकग्रेगरच्या त्या घरी जुलैमध्ये एक म्हातारा नव्या बायकोला घेऊन भेटायला आला. सायमन बकनर! लिहून संपलं आणि काही दिवसांत, २३ जुलै १८८५ ला, ग्रँट गेला. तिरडीला खांदेकरी म्हणून शर्मनही होता आणि बकनरही. फेब्रुवारी १८८६ मध्ये ज्यूलियाच्या नावे पहिला चेक निघाला, दोन लाख डॉलर. एकूण चार लाखांवर.

तर त्या थडग्यापाशी आम्ही पोचलो. एकशे बावीसाव्या रस्त्यावर, हडसन नदीच्या अंगाला, दगडी घुमट. आत वरच्या कठड्यावरून खाली बघायचं. लाल ग्रॅनाइटच्या दोन शवपेट्या शेजारी शेजारी. वेस्ट पॉइंटला बायकोला जागा मिळाली नसती म्हणून त्याने तिथे पुरून घ्यायला नकार दिला होता. ह्यांना मी हे सगळं कठड्याशी उभं राहून सांगितलं, हजार डॉलरसकट, बावीस डॉलरच्या घड्याळासकट. हे ऐकत होते की नव्हते कळेना, नजर खाली.

बाहेर बाकावर बसल्यावर म्हणाले, “ती पाटली तू दुरुस्तीला दिलीच नव्हतीस ना?”

मी गप्प.

“मी सोनाराकडे आणायला गेलो होतो. तो म्हणाला, वहिनींनी काही दिलेलं नाही.”

“अहो, मग तेव्हा बोलला का नाहीत?”

“आईसमोर कुठे विचारू?” म्हणाले, आणि रिकामा कप टाकायला डबा शोधत निघून गेले.